नवीन पिढीची फॅमिली सेडान कशी तपासायची? आधी मागच्या सीटवर बसा

एखाद्या सेडानची नवीन पिढी आली की सुरुवातीला सगळीकडे तिचं तोंडच दिसतं, ग्रिल केवढी मोठी झाली, दिवे किती बारीक झाले, अलॉय कसले भारी आहेत, आणि मग लगेच ० ते १०० किती सेकंदात. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या माणसाला यातलं आपल्या कामाचं नेमकं काय हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, ज्यांना गाड्यांमधलं फार कळत नाही पण घरच्यांसाठी कॉम्पॅक्ट सेडान घ्यायचीये त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या दोन सीटची काळजी कंपनी घेतेच, कारण पैसे देणारा माणूस तिथे बसतो, टेस्ट ड्राइव्ह तिथूनच होते आणि व्हिडिओही तिथूनच शूट होतात. फॅमिली सेडानची खरी परीक्षा मागे असते. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी कागद, मग मागची सीट, मग डिकी, आणि चालवायचं त्यानंतर. एकदा चालवून झालं की माणूस गाडीच्या प्रेमात पडलेला असतो, मग बाकीचं तपासायचं मनच राहत नाही.

पायरी १: नवीन म्हणजे किती नवीन?

"ऑल न्यू" आणि "न्यू" हे दोन शब्द जाहिरातीत एकसारखेच वापरतात पण गाडीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फेसलिफ्ट म्हणजे जुन्याच गाडीला नवीन बंपर, दिवे, स्क्रीन, कधी कधी नवीन इंजिन. नवीन पिढी म्हणजे बॉडी, सांगाडा, बऱ्याचदा सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा) सुद्धा नवं. साधारण पाच-सहा वर्षांनी पिढी बदलते आणि मध्ये एक फेसलिफ्ट येतं.

ओळखायची सोपी युक्ती अशी की जुन्या आणि नव्या गाडीचा बाजूने काढलेला फोटो शेजारी शेजारी ठेवा. दरवाजे, खिडक्यांची रेघ आणि पुढची काच तीच असेल तर ते फेसलिफ्ट आहे, कारण दरवाजे आणि काचेभोवतीचा सांगाडा बदलणं सगळ्यात खर्चिक काम, ते कोणी उगाच करत नाही. मग व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. होंडा सिव्हिकची ११वी पिढी २०२१ ला आली तेव्हा तिचा व्हीलबेस २७०० वरून २७३५ मिमी झाला, पुढच्या काचेचे खांब खालच्या बाजूला साधारण ५० मिमी मागे सरकवले, त्यामुळे बॉनेट लांब दिसतं आणि बाहेरचं मोकळं दिसतं. हा खरा बदल. टोयोटा कोरोलाची १२वी पिढी २०१८ ला आली, तिचा व्हीलबेस जुन्यासारखाच २७०० मिमी ठेवला पण खालचा प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्यावर गाडी उभी राहते तो पाया, पूर्ण बदलला, बॉडी पिळली जाण्याविरुद्धची ताकद ६० टक्के वाढली असं कंपनीने सांगितलं, आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कोरोलाला मागे टॉर्शन बीमच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्याने जोडणारं साधं सस्पेन्शन) जागी मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे हात असलेलं) सस्पेन्शन आलं. म्हणजे नुसती लांबी-रुंदी बघून काही कळत नाही, प्लॅटफॉर्मचं नाव शोधा आणि तो आधी कुठल्या गाडीत होता ते बघा.

आणि नवीन पिढी आली म्हणजे सगळं सुधारलंच असं धरून चालू नका. २०१२ मॉडेलची सिव्हिक, म्हणजे ९वी पिढी, आतल्या स्वस्त प्लॅस्टिकमुळे आणि ड्राइव्हमुळे एवढी टीकेची धनी झाली की कन्झ्युमर रिपोर्ट्सने तिची शिफारस काढून घेतली आणि होंडाने वर्ष-दीड वर्षातच २०१३ मॉडेलसाठी तिची बरीच डागडुजी केली. उलटं उदाहरण पण आहे, माझदा ३ ची चौथी पिढी आली तेव्हा मागचं मल्टिलिंक काढून साधं टॉर्शन बीम लावलं, कागदावर ते एक पाऊल मागे वाटतं पण गाडी चालवायला चांगलीच आहे असं बऱ्याच जणांनी लिहिलं. म्हणून जुन्या आणि नव्याची तुलना करताना काय मिळालं ते लिहाच, काय गेलं ते पण लिहा. आधी मिळणारं स्टेपनी गेलं का, एसीची गोल बटणं गेली का, मागचा एसी व्हेंट वरच्या व्हेरिएंटलाच राहिला का. ब्रोशरमध्ये काय गेलं ते कधीच छापत नाहीत.

पायरी २: स्वतःच्याच मागे बसा

इथे वेळ काढा, अर्धा तास गेला तरी चालेल. आधी ड्रायव्हर सीटवर बसून सीट आणि स्टिअरिंग तुम्हाला चालवायला जसं लागतं तसं लावा. मग सीटला अजिबात हात न लावता उतरा आणि त्याच सीटच्या मागे जाऊन बसा. शोरूममध्ये पुढची सीट बऱ्याचदा पुढे सरकवून ठेवलेली असते म्हणून मागे जागा भरपूर वाटते, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

आता गुडघ्यापुढे किती जागा राहते हे सगळेच बघतात, पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे मांडी सीटवर टेकते का. नवीन डिझाइनमध्ये छप्पर मागे उतरतं करायची फॅशन आहे, ह्युंदाई एलांट्राची २०२० ची पिढी आधीपेक्षा साधारण २० मिमी बुटकी झाली आणि व्हीलबेस २० मिमी वाढला. छप्पर खाली आलं की डोक्याला जागा द्यायला मागच्या सीटचा बेस खाली घेतात, मग गुडघे वर येतात, मांडी हवेत राहते आणि सगळं वजन कंबरेवर येतं. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून हे कळत नाही, दोन तासांच्या प्रवासात कळतं. बसल्यावर मांडीखाली हाताचा पंजा घालून बघा, गुडघ्याजवळचा थोडा भाग सोडला तर बाकी सगळी मांडी टेकलेली हवी. पाय पुढच्या सीटखाली जातात का तेही बघा, काही गाड्यांत पुढची सीट पूर्ण खाली केली की पायाचा पंजाच आत जात नाही.

मग घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा, डोकं छपराला आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेला लागतं का बघा. सनरूफ असलेल्या व्हेरिएंटमध्ये डोक्यावरची जागा काही सेंटिमीटरने कमी असू शकते त्यामुळे तुम्ही जो व्हेरिएंट घेणार त्यातच बसून बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोन-तीनदा आत-बाहेर करायला सांगा. उतरतं छप्पर असलं की दरवाज्याची वरची कड नेमकी कपाळाच्या उंचीवर येते आणि सीट खोल असली की उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. हे एवढं एक कारण माझ्या दृष्टीने गाडी नाकारायला पुरेसं आहे, आईवडिलांना रोज त्रास होणार असेल तर बाकीच्या फीचर्सचं काय करायचं.

लहान मूल असेल तर तुमची चाइल्ड सीट घेऊनच जा, लाजू नका. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक सीटच्या फटीत खोल गाडलेत की वर झाकणाखाली आहेत ते बघा, सीट स्वतःच्या हाताने लावून बघा. मागे तोंड करून लावायची सीट असेल तर ती लावल्यावर पुढची सीट किती पुढे घ्यावी लागते आणि मग तिथे मोठा माणूस बसू शकतो का हे बघायलाच हवं, कॉम्पॅक्ट सेडानमध्ये नेमकं इथेच अडतं.

आता सेफ्टीचा भाग, आणि याच कारणासाठी मी मागच्या सीटवर एवढा अडून बसलोय. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात दिसलं की २००७ आणि त्यानंतरच्या मॉडेल्समध्ये बेल्ट लावलेल्या माणसांचा विचार केला तर मागे बसलेल्याला जीवघेणी इजा होण्याचा धोका पुढच्यापेक्षा ४६ टक्के जास्त आहे. मागची सीट आधीपेक्षा वाईट झाली असा याचा अर्थ नाही, पुढची खूप सुधारली आणि मागची तिथेच राहिली. पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर असतो, धडक झाली की तो क्षणात बेल्ट घट्ट करतो, आणि लोड लिमिटर असतो जो नंतर बेल्ट थोडा सैल सोडतो म्हणजे बरगड्यांवर सगळा दाब येत नाही. मागे बऱ्याच गाड्यांत हे नसतंच. म्हणून या संस्थेने २०२२ पासून आपल्या एका समोरच्या धडकेच्या टेस्टमध्ये ड्रायव्हरच्या मागे बुटक्या बाईच्या किंवा साधारण १२ वर्षांच्या मुलाच्या आकाराचा डमी बसवायला सुरुवात केली, आणि २०२३ ला छोट्या गाड्यांचे पहिले निकाल आले तेव्हा एकाही गाडीला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला नाही. एक मात्र नीट लक्षात घ्या, १३ वर्षांखालच्या मुलांसाठी मागची सीटच सगळ्यात सुरक्षित आहे, त्यात बदल नाही, मुलांना पुढे बसवायचं नाही.

तर विचारायचं काय? मागच्या बाहेरच्या दोन्ही सीटना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहे का, मधल्या सीटला तीन पॉइंटचा बेल्ट आणि हेडरेस्ट आहे का, मागच्या सीटना बेल्ट रिमाइंडर आहे का, पडदा एअरबॅग मागच्या खिडकीपर्यंत येतात का. सेल्समनला बरेचदा माहीत नसतं, तेव्हा लेखी मागा किंवा ओनर्स मॅन्युअल उघडून बघा, कंपनीच्या साइटवर पीडीएफ बहुतेक वेळा मिळतं.

डिकी

इथे लिटरचा आकडा ऐकून खूश व्हायचं नाही. बरेच ठिकाणी तो आकडा २०० बाय १०० बाय ५० मिमीचे ठोकळे, म्हणजे एक एक लिटरचे, डिकीत कोंबून मोजतात. ते ठोकळे कानाकोपऱ्यात बसतात, तुमची बॅग बसत नाही. त्यामुळे तुमच्याकडची सगळ्यात मोठी बॅग नेऊन आत टाका. सेडानची डिकी आतून मोठी आणि तोंड लहान असतं, त्यामुळे बॅग आत मावते पण तोंडातून जात नाही असं होतं. झाकणाच्या बिजागऱ्या बघा, हंसाच्या मानेसारख्या वाकड्या असतील तर झाकण लावताना त्या आत घुसतात आणि खाली ठेवलेल्या बॅगवर आपटतात. मागची सीट दुमडून लांब वस्तू जाते का, दुमडल्यावर मध्ये पायरी राहते का, आणि खाली कार्पेट उचलून खरं स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट आहे हेही बघा. हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटर असलेली) असेल तर बॅटरी कुठे आहे ते विचारा, मागच्या सीटखाली असेल तर डिकी वाचते.

पायरी ३: इंजिनाचे आकडे कसे वाचायचे

नवीन माणूस हॉर्सपॉवर बघतो आणि थांबतो. हॉर्सपॉवरच्या पुढे कंसात आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, लिहिलेला असतो, तोच खरा वाचायचा. ११व्या पिढीच्या सिव्हिकचंच घ्या, अमेरिकेत ती २०२२ मॉडेल म्हणून दोन पेट्रोल इंजिनांत आली. २.० लिटर साधं इंजिन १५८ हॉर्सपॉवर, ६५०० आरपीएमला, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १८७ न्यूटन-मीटर, ४२०० आरपीएमला. १.५ लिटर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं) १८० हॉर्सपॉवर ६००० ला, आणि टॉर्क २४० न्यूटन-मीटर, १७०० पासून ४५०० पर्यंत सलग. हॉर्सपॉवर बघितली तर फरक २२ चा, म्हणजे फार काही वाटत नाही. पण आपण रोज गाडी ६००० ला चालवत नाही, २००० च्या आसपास चालवतो. तिथे किती ताकद मिळते ते काढता येतं, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. टर्बोला २००० आरपीएमला २४० गुणिले २००० भागिले ९५४९, म्हणजे ५० किलोवॅट. साध्या इंजिनाचा १८७ हा कमाल टॉर्क आहे आणि तोही ४२०० ला, त्यामुळे २००० ला ते ३९ किलोवॅटच्या आतच राहणार. म्हणजे चार माणसं आणि सामान घेऊन चढ चढताना एक गाडी शांतपणे वर जाते आणि दुसरीला इंजिन जास्त फिरवून आवाज करत जावं लागतं. हे गणित कुठल्याही गाडीला लावा, ब्रोशरवरचे दोन आकडे पुरतात.

मग वजन बघा. नवीन पिढीत सेफ्टी आणि फीचर्समुळे गाडी बऱ्याचदा जड होते, आणि इंजिन तेच ठेवलं तर नवीन गाडी जुन्यापेक्षा मंद होऊ शकते.

० ते १०० चा आकडा फॅमिली गाडीत मला तरी दुय्यम वाटतो. सिग्नलवरून शर्यत लावायची नसते, ट्रकला ओव्हरटेक करायचं असतं, त्यामुळे ६० ते १०० किंवा ८० ते १२० ला किती वेळ लागतो ते शोधा, आणि जमलं तर गाडी भरलेली असताना.

हायब्रिडबद्दल थोडं वेगळं. २०२५ च्या सिव्हिक हायब्रिडला एकूण २०० हॉर्सपॉवर आणि मोटरचा ३१५ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, आणि इलेक्ट्रिक मोटरला टॉर्क शून्यापासूनच मिळतो, त्यामुळे शहरात ती टर्बोपेक्षाही चपळ वाटते. होंडाच्या या पद्धतीत बहुतेक वेळ चाकं मोटरच फिरवते, इंजिन वीज तयार करतं, आणि हायवेच्या स्पीडला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. टोयोटाची पद्धत वेगळी, तिथे प्लॅनेटरी गिअर दोन मोटर आणि इंजिन यांची ताकद एकत्र वाटून देतो. दोन्हीत जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज स्पीडच्या आधी वाढू शकतो, काहींना ते चालतं काहींना अजिबात चालत नाही, ते चालवूनच ठरवा.

गिअरबॉक्स

कागदावर सगळे "ऑटोमॅटिक" असतात पण आत चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

सीव्हीटीमध्ये गिअर नसतात, दोन पुलींमध्ये बेल्ट किंवा चेन फिरते, शहरात लोण्यासारखी चालते पण पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की इंजिन एका आवाजावर अडकतं आणि गाडी मागून येते. टोयोटाने २०१८ ला आणलेल्या डायरेक्ट शिफ्ट सीव्हीटीमध्ये निघताना एक खरा गिअर लागतो आणि मग बेल्ट काम सुरू करतो, त्यामुळे सुरुवातीचा ढिलेपणा कमी होतो. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना आणि भरवशाचा प्रकार, ट्रॅफिकमध्ये रांगायला उत्तम. ड्युअल क्लच हायवेला पटापट गिअर बदलतो पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये आणि चढावर थांबून-निघून चालवताना हिसके देतो का ते मुद्दाम तपासा, विशेषतः ज्यात क्लच तेलात नसून कोरडा असतो तो गरम होऊ शकतो. चौथा एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्राने क्लच-गिअर करायला लावलेलं, स्वस्त आणि ॲव्हरेजला बरा, पण गिअर बदलताना मधला विराम मागच्या सीटवर सगळ्यात जास्त जाणवतो, डोकी पुढे-मागे होतात.

पायरी ४: चालवायचं, पण आधी दुसऱ्याला द्या

पहिली फेरी घरातल्या दुसऱ्या माणसाला चालवू द्या आणि तुम्ही मागे बसा. रस्ता तुम्ही निवडा, शोरूमचा ठरलेला गुळगुळीत रस्ता नको. त्यात एक खराब तुकडा, दोन-तीन स्पीडब्रेकर, एक चढ, थोडं ट्रॅफिक आणि जमलं तर हायवे असावा. मागे बसून तीन गोष्टी बघा, खड्ड्यात नुसता आवाज येतो की कंबरेला धक्का बसतो, स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा बसते की दोन-तीनदा झुलते, आणि ८० च्या पुढे मागच्या चाकांचा आवाज किती आत येतो. मागच्या चाकांच्या कमानी सीटच्या बरोबर मागे असतात म्हणून पुढे शांत वाटणारी गाडी मागे गोंगाट करू शकते.

इथे टायरचं जरा बघूया कारण याकडे नवीन माणूस हमखास दुर्लक्ष करतो. एकाच सिव्हिकमध्ये खालच्या व्हेरिएंटला २१५/५५ आर १६ आणि वरच्याला २३५/४० आर १८ टायर येतो. पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा इंच. गणित करा, २१५ चे ५५ टक्के म्हणजे ११८ मिमी, आणि २३५ चे ४० टक्के म्हणजे ९४ मिमी. चाकाचा एकूण व्यास दोन्हीत जवळपास सारखाच, ६४३ आणि ६४५ मिमी, पण खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एकात ११८ मिमी रबर आणि हवा आहे आणि दुसऱ्यात ९४. मोठं अलॉय फोटोत देखणं दिसतं, वळणावर गाडी घट्ट वाटते, पण गचके जास्त, खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त आणि टायर महाग. कुटुंबासाठी मी तरी लहान रिमच घ्यायला सांगेन. आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी सहसा टॉप व्हेरिएंट असते, तुम्ही मधला घेणार असाल तर टायरचा साइज वेगळा असेल म्हणजे राइड वेगळीच असणार, त्यामुळे टायरच्या भिंतीवर लिहिलेलं वाचूनच बसा.

मग तुम्ही चालवा. आधी रिकाम्या जागी पूर्ण स्टिअरिंग फिरवून वळवून बघा, पार्किंगमध्ये रिव्हर्स घ्या, मागचा खांब जाड असेल आणि डिकी उंच असेल तर कॅमेऱ्याशिवाय मागचं काहीच दिसत नाही. ४० च्या स्पीडला मागे कोणी नाही बघून एकदा जोरात ब्रेक मारा, गाडी सरळ थांबते का, पेडल कसं लागतं. हायब्रिडमध्ये सुरुवातीचा ब्रेक मोटर लावते आणि शेवटचा भाग खरे ब्रेक, त्या दोघांचा सांधा हलक्या ब्रेकिंगला जाणवतो का ते थांबता थांबता बघा. हायवेवर रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करून दोन मिनिटं नुसतं ऐका. मग चौघे बसवून चढावर ५० वरून ॲक्सिलरेटर दाबा, त्यावरून पिकअपबद्दल जे कळतं ते कुठल्याही आकड्यावरून कळत नाही.

ॲव्हरेज

जाहिरातीतला आकडा कुठल्या टेस्टचा आहे तेवढं विचारा. युरोपात २०१७ पर्यंत एनईडीसी नावाची टेस्ट होती, ११ किलोमीटर, २० मिनिटं, त्यात आकडे फार गोड यायचे. त्याच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली, २३ किलोमीटर, ३० मिनिटं, कमाल स्पीड १३१, ती बरीच खऱ्याच्या जवळ आहे. त्यामुळे जुन्या पिढीचा एनईडीसी आणि नवीन पिढीचा डब्ल्यूएलटीपी आकडा शेजारी ठेवून "नवीन गाडीचं ॲव्हरेज कमी झालं" असं म्हणू नका, टेस्टच वेगळी आहे. वर सांगितलेल्या सिव्हिक हायब्रिडचा ईपीए या अमेरिकन सरकारी संस्थेचा शहर-हायवे एकत्रित आकडा ४९ मैल प्रति गॅलन आहे, म्हणजे साधारण २०.८ किलोमीटर प्रति लिटर. टर्बो इंजिनं हळू चालवलं तर टेस्टच्या जवळ देतात, पाय जड असेल तर फार खाली येतात.

पायरी ५: फीचर्स, पण तीन ढिगांत

यादी लांबलचक असते म्हणून मी ती तीन ढिगांत वाटायला सांगतो: जीव वाचवणारी, रोज लागणारी, आणि दाखवायची. पहिल्या ढिगात ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी सिस्टीम), एअरबॅग, आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम, ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग (आरशात न दिसणाऱ्या गाडीची सूचना). हे तुमच्या व्हेरिएंटला आहे का एवढंच बघा, टॉप मॉडेलला आहे हे उत्तर नको. लेन असिस्ट (गाडी आपल्या लेनमध्ये ठेवणारी सिस्टीम) कधी कधी अरुंद रस्त्यावर उगाच स्टिअरिंग ओढतं, ते बंद करायला एक बटण आहे की स्क्रीनमध्ये चार पायऱ्या खाली जावं लागतं ते बघा.

दुसऱ्या ढिगासाठी गाडी उभी असताना एक छोटी परीक्षा घ्या: एसीचं तापमान बदला, काचेवरची वाफ घालवा, आरसे हलवा, आवाज कमी करा, फोन जोडा. प्रत्येक वेळी नजर रस्त्यावरून किती वेळ हटली असती ते मनात मोजा. नवीन डिझाइनच्या नावाखाली बटणं काढून सगळं टचस्क्रीनवर ढकलायची पद्धत पडलीय, मला ती खरंच धोक्याची वाटते. गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे असण्याला गुण ठेवलेत. सिव्हिकच्या ११व्या पिढीत एसीच्या गोल नॉब ठेवल्या याचं म्हणूनच मला कौतुक वाटतं.

तिसरा ढीग म्हणजे ॲम्बियंट लाइट, सनरूफ, मोठी स्क्रीन. आवडत असेल तर घ्या, फक्त त्यापायी पहिल्या ढिगातलं काही सोडू नका.

स्टार रेटिंग बघताना कुठल्या वर्षाच्या नियमांनी दिलंय ते आधी बघा, नियम दर काही वर्षांनी कडक होतात त्यामुळे जुने पाच स्टार आणि आजचे पाच स्टार सारखे नसतात. आणि ते जुन्या पिढीचं रेटिंग नवीन गाडीच्या पोस्टरवर तर नाही ना? मोठ्यांचे आणि लहान मुलांचे गुण वेगळे दिलेले असतात, दोन्ही वाचा.

बुकिंगच्या आधी

नवीन पिढीच्या पहिल्या बॅचमध्ये सॉफ्टवेअरच्या बारीकसारीक तक्रारी निघतात, घाई नसेल तर काही महिने थांबलेलं बरं, तोपर्यंत मालकांचे अनुभव येतात आणि काही रिकॉल निघालाच तर कळतो. ज्यांना आत्ताच घ्यायचीये त्यांनी वॉरंटीत गिअरबॉक्स, हायब्रिड बॅटरी आणि स्क्रीन प्रत्येकी किती वर्षं कव्हर आहे ते वेगवेगळं लिहून घ्या, बॅटरीची मुदत बहुतेक वेळा बाकीच्या गाडीपेक्षा जास्त असते.

आणि शक्य असेल तर दुसरी फेरी अंधार पडल्यावर मारा. एकाच गाडीच्या दोन व्हेरिएंटमध्ये हेडलाइट वेगळे असू शकतात, दिवसा ते कळत नाहीत. लाइट नसलेल्या रस्त्यावर लो बीम किती पुढे पोचतो, वळणावर कडेचं दिसतं का, समोरचे लोक डिपर मारतात का हे बघा, आणि डिकीत सामान व मागे माणसं बसल्यावर बीम वर जातो तेव्हा तो खाली घ्यायचं चाक डॅशबोर्डवर आहे की आपोआप होतं ते विचारून घ्या.